भट्टीचं पहिलं फळ

मी आज जो काही आहे तो माझ्या मावशीमुळे. ही मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे, माझी सावत्र आई. मी पाच वर्षांचा असताना आई वारली. वर्षभरानं वडिलांनी हिला घरात आणलं, तेव्हा तिनंच पहिल्या दिवशी मला जवळ बसवून सांगितलं, "मले माय म्हणू नको. तुही माय देवाजवळ हाय. मले मावशी म्हण." मी म्हणू लागलो, आणि तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत तेच म्हणत राहिलो.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. ख्रिस्ती घरं दहा-बारा. देऊळ म्हणून वेगळी इमारत नव्हती. शाळेच्या एका खोलीत रविवारी उपासना होई आणि सोमवारी त्याच खोलीत पाढे. मास्तर एकच, दोन्हींना. मावशी आली तेव्हा तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. मी पाटीवर गिरवायला बसलो की तीही शेजारी बसायची, आणि माझं 'क' वाकडं झालं तर तिचंही तसंच वाकडं व्हायचं. मग मास्तरांनी तिला मोठ्या टाइपात छापलेलं, बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान दिलं. त्यावर ती वाचायला शिकली. त्यामुळे झालं असं, की छापलेलं तिला वाचता येई पण हातानं लिहिलेलं येत नसे. पुढं भिलाईहून तिला पत्रं लिहायची तेव्हा मी प्रत्येक अक्षर छापल्यासारखं, सुटं सुटं काढत असे. एका पानाला तास लागायचा. तो तास मला कधी जड वाटला नाही.

मी पाचवीत गेलो आणि वडील वारले. मावशी तेव्हा तरुण होती, तिला स्वतःचं मूल नव्हतं, तिच्या माहेरची माणसं न्यायला आली होती. ती गेली नाही. मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं आणि त्याच बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात ती कामाला राहिली. साठ मुलांचा भात ती लाकडी फावड्यासारख्या उलथन्यानं ढवळायची. मुलं तिला मावशीच म्हणत. कोणी चिडवायला म्हणालं की तुझी आई भांडी घासते, तर मी सांगत असे की तुझ्या ताटातला भातही तीच शिजवते, उद्या उपाशी राहा. एवढं बोलायला मला तिनंच शिकवलं होतं.

नागपूरला बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मावशी पदवी पाहायला आली. कागद इंग्रजीत. तिनं तो दोन्ही हातांत उजेडाला धरला आणि विचारलं, "याच्यात तुहं नाव कुठं हाय?" मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. बोट तिथंच ठेवून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आता याले पाणी लागू देऊ नको," आणि लुगड्याच्या पदरात गुंडाळून घेतला.

भिलाईत मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. त्या दिवसांतली भिलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सगळीकडे लाल माती उडायची. कोहक्याकडच्या गावांतून बाया डोक्यावर टोपली घेऊन कामावर यायच्या, त्यांच्या मागं रशियन इंजिनिअर टोपी घालून आणि त्यांच्या मागं दुभाषी. आज जिथं शेत होतं तिथं महिन्यानं खांब उभे राहायचे. मी मरोद्याजवळ पत्र्याच्या खोलीत तीन जणांबरोबर राहत होतो. उन्हाळ्यात आम्ही पत्र्यावर ओली पोती टाकायचो. त्या साली पाऊसही धड झाला नव्हता. तांदळासाठी रांगा लागत, आणि मिळणारा तांदूळ निवडता निवडता अर्धी सुट्टी जाई. पण तक्रार करावी असं आम्हाला वाटत नव्हतं. आम्ही काहीतरी मोठं उभं करतोय हे कोणी सांगायची गरज नव्हती, ते रोज डोळ्यांनी दिसत होतं.

लहानपणी रविवारच्या शाळेत भट्टी म्हटलं की आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक. एक नरक, आणि दुसरी बायबलातल्या त्या तीन तरुणांची, ज्यांना राजानं भट्टीत टाकलं आणि ते जळले नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा मी झोतभट्टीसमोर उभा राहिलो तेव्हा मला थोडी भीतीच वाटली. मग भट्टीचं तोंड फोडलं, लोखंड वाळूतल्या नाल्यातून वाहू लागलं आणि सगळ्यांचे चेहरे एकदम केशरी झाले. मला नरक आठवला नाही. गावाकडे बांध फोडून धानाला पाणी सोडतात तेव्हा ते पाटानं जसं पुढं पुढं जातं, तसं ते दिसलं. शेजारी उभ्या असलेल्या मजुरालाही तसंच वाटलं असावं. तो छत्तीसगढी होता, शेतकरीच. लोखंड वळणावर अडलं तेव्हा त्याचा पाय आपोआप पुढं झाला, बांधावरची माती सारायला जातो तसा. फोरमननं त्याला मागं ओढलं.

माझं काम नमुन्यांचं. भट्टीतून लोखंड निघालं की लांब दांड्याच्या पळीनं थोडं उचलून छोट्या साच्यात ओतत. लिंबाएवढा तो तुकडा आमच्याकडे येई. त्याला भोक पाडून कीस काढायचा, तो तोलायचा, विरघळवायचा आणि त्यात सिलिकॉन किती, गंधक किती ते काढायचं. आकडा पुढं जाई आणि त्यावर पोलादवाल्यांचं काम ठरे. उरलेला तुकडा नंबर घालून लाकडी खोक्यात तीन दिवस ठेवायचा, कोणी वाद घातला तर पुन्हा तपासायला. नंतर तो भंगारात.

पहिले काही महिने माझ्या आकड्यांखाली आमच्या वरिष्ठ केमिस्टची सही होई. ते नागपूरचे, तिथल्या महाल भागात घर असलेले, तोंडानं तिखट आणि मनानं चांगले. एक दिवस त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, आजपासून तू कर सही. त्या दिवशी जो नमुना आला, त्यावर पहिल्यांदा माझी एकट्याची सही गेली. गंधक मर्यादेत निघालं होतं. तुकडा खोक्यात ठेवताना मी त्याचा नंबर लक्षात ठेवला.

आता मुख्य गोष्ट. मी अजून परीक्षाकाळावर होतो. वर्ष नीट गेलं की कायम होणार, कायम झालो की कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार, नळाचं, विजेचं. सुट्टीच्या दिवशी मी तिकडं नुसता फिरायला जायचो आणि कुठल्या खिडकीखाली मावशीची खाट येईल ते मनात ठरवायचो. मावशी तेव्हा गावी परतली होती. शाळेमागच्या खोलीत राहायची, उपासनेची जागा झाडायची, घंटा वाजवायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मास्तरांनी वेगळ्या चिठ्ठीत कळवलं होतं की आता ती छापलेलंही खिडकीशी नेऊन वाचते. तिला इथं आणायचं, कारखान्याच्या दवाखान्यात डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, नाताळ एकत्र करायचा, हे मी तिला लिहून चुकलो होतो. उत्तरात मास्तरांच्या हातून तिनं फक्त तिथल्या थंडीत गोधड्या किती लागतील एवढं विचारलं होतं.

आमची भिलाईची ख्रिस्ती मंडळी शाळेच्या वर्गात जमे. अर्धी माणसं शिफ्टवरून सरळ येत, कानामागं काजळी. प्रार्थना तेलुगूत, गीत हिंदीत, मल्याळी नर्सबाई मधूनच त्यांच्या भाषेत आमेन म्हणत, आणि महिन्यातून एकदा मराठी वाचन माझ्याकडे येई. भट्टी रविवार पाळत नाही, म्हणून उपासनेची वेळ दर आठवड्याला शिफ्ट बघून ठरे. सुरुवातीला मला हे खटकायचं. मग वाटू लागलं, की जे लोक आठ तास आगीसमोर उभं राहून, जेवायच्या आधी इथं येऊन गुडघे टेकतात, त्यांची वेळ देव चालवून घेत असेल.

माझ्या पहिल्या सहीच्याच आठवड्यात हंगामाचा सण आला. आमच्यात कापणी झाली की प्रत्येक घरानं आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं फळ देवापुढं आणायचं असतं. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि ते गरिबांना जातं. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, एक तेलुगू क्रेन ऑपरेटर होते. त्यांनी जाहीर केलं की यंदा बाजारातून आणलेलं चालणार नाही, ज्यानं त्यानं आपल्या हातचं आणावं. क्वार्टरवाल्यांनी अंगणात भोपळे, पपया लावल्या होत्या. माझ्याकडे पत्र्याची खोली आणि एक बादली. मग मला तो तुकडा आठवला.

इथं मला गावची एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे पुष्कळ लोक गावच्या जमीनदाराची, म्हणजे मालगुजाराची जमीन वाट्यानं, बटईनं करत. धानाचे भाग नंतर पडत, पण पहिली पेंढी त्याआधीच काढून ठेवत. हिंदू घरं ती आपल्या देवाला नेत, आम्ही उपासनेला. जमीन मालगुजाराची, पण पहिल्या पेंढीला कधी कोणी चोरी म्हटलं नाही. खुद्द मालगुजारही बांधावर उभा राहून बघायचा. मी या रीतीत वाढलेला. जे माझ्या हातून पहिलं निघालं त्यातलं पहिलं देवाचं, याला कोणाला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन दिवस उलटेपर्यंत मात्र मी थांबलो, कारण कोणी वाद घातला तर नमुना हाताशी हवा, एवढं काम मला कळत होतं. मग तो तुकडा धुतला, स्वच्छ पांढऱ्या रुमालात बांधला आणि शुक्रवारी दुपारी शिफ्ट सुटल्यावर डब्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

फाटकावर रोज कोणी डबा बघत नसे. त्या दिवशी बघत होते. हवालदार बिलासपूरकडचा, मला रोज रामराम करणारा. त्यानं डबा हातात घेतला आणि वजनानंच त्याच्या लक्षात आलं. रुमालाची गाठ सोडली. तुकड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"क्यों बाबू, राशन इतना कम पड़ गया? अब लोहा खाओगे?"

मागं रांगेत माणसं हसली. तो हसला नाही. त्यानं मला बाजूला उभं केलं आणि फोन केला.

आमचे वरिष्ठ धापा टाकत आले. सगळं ऐकल्यावर मला फाटकावरच्या खोलीच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि नागपुरी आवाज शक्य तेवढा खाली आणून बोलले. "काय बे, हे काय करून ठेवलं? परीक्षाकाळात आहेस तू. चोरीचा शिक्का बसला तर उद्या घरी जाशील. उद्या सकाळी मोठे साहेब विचारतील. सांगून दे की काम करता करता खिशात राहून गेला. मी मान डोलावतो. खतम."

मी म्हणालो, "साहेब, रुमालात बांधलेला होता."

"तर म्हण, हात भाजू नये म्हणून बांधला."

"चार दिवसांपूर्वीचा नमुना आहे, साहेब. आणि डब्यात होता."

त्यांनी कपाळाला हात लावला. "तू येडा आहेस का? मी तुले वाचवून राहिलो, अन् तू माझ्याच चुका काढून राहिला."

त्या दुपारी मी खोलीवर जाऊन जेवलो नाही. मी काही मोठा विश्वासवीर नव्हतो. खरं सांगायचं तर मी ते वाक्य पाठ करून पाहिलं. खिशात राहून गेला. तीन शब्द. त्यानं कोणाचं नुकसान होणार नव्हतं, वरिष्ठ आपणहून मान डोलावणार होते, आणि मावशी नाताळला माझ्याकडे असणार होती. मी प्रार्थनेला बसलो तेव्हाही तेच वाक्य जिभेवर येत होतं. देवासाठी म्हणून नेत होतो तो तुकडा. आता त्याच तुकड्यासाठी देवाच्याच नावाखाली खोटं सांगायचं हे काही जमेना. त्याहून सोपी गोष्ट अशी, की जिनं बोट माझ्या नावावर ठेवलं होतं तिला मी नंतर पत्रात काय लिहिलं असतं? तिला खोटं लिहायचं तर तेही एकेक अक्षर सुटं काढून, तासभर बसून लिहावं लागलं असतं. तेवढा वेळ मला खोटं टिकवता येणार नव्हतं.

शनिवारी सकाळी मोठ्या साहेबांपुढं उभा राहिलो. ते इंग्रजीत बोलत. त्यांनी विचारलं, हा तुकडा चुकून गेला का? मी म्हणालो, नाही, मी जाणून नेत होतो. का? मी सणाचं सांगितलं, पहिल्या फळाचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं असावं, आवाज मऊ झाला. लोखंडाचं चर्चमध्ये काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी मोकळेपणानं सांगितलं की आधी देवापुढं ठेवणार, मग लिलाव.

माझ्या शेजारी वरिष्ठांनी हळूच डोळे मिटले. कारखान्याचा माल बाहेर नेणं एक आणि त्याचा लिलाव करणं दुसरं, हे माझ्या तोंडून शब्द गेल्यावर मला कळलं. पण खरं तेच होतं, परत घ्यायला काही नव्हतं.

मग वरिष्ठ बोलले. काय बोलले ते मला पाठ आहे, कारण त्यानंतर माझ्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललं नाही. ते म्हणाले की गेल्या महिन्यात गंधक जास्त निघालं तेव्हा भट्टीवाले या मुलावर ओरडून गेले, आकडा थोडा खाली आण म्हणाले, यानं आणला नाही. काल मी स्वतः याला खोटं शिकवलं, तेही यानं घेतलं नाही. मला प्रयोगशाळेत असाच माणूस लागतो. शिक्षा द्या, पण माणूस काढून घेऊ नका.

स्वतः खोटं शिकवलं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते त्यांनी साहेबांच्या तोंडावर सांगितलं. मी ख्रिस्ती आणि ते रोज पूजा करून कामावर येणारे. त्या सकाळी त्या खोलीत कबुली देणारे आम्ही दोघे होतो.

नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली आणि परीक्षाकाळ सहा महिने वाढला. तुकडा साहेबांच्या टेबलावरून भंगाराच्या डब्यात गेला, म्हणजे शेवटी पोलादातच गेला. आज एखाद्या रुळात तो असेल, असं मला कधी कधी वाटतं आणि बरं वाटतं. बाहेर आल्यावर वरिष्ठ माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी वांगे लाव."

रविवारी मी उपासनेला रिकाम्या हातानं गेलो. बातमी पोचली होती. लोक गीत म्हणत रांगेनं पुढं जात होते, कोणाच्या हातात दुधी, कोणाच्या हातात अंडी, नर्सबाईंनी पपया आणल्या होत्या. मी मागच्या बाकावर बसून राहणार होतो. क्रेन ऑपरेटर वडील रांगेतून माझ्याजवळ आले आणि त्यांच्या हिंदीत एवढंच म्हणाले, "चलो भाई, लाइन में सबको आना है." मी उठलो. भोपळ्यांच्या आणि केळीच्या घडांच्या मधून चालत गेलो, पुढं उभा राहिलो, मान खाली घातली आणि परत आलो. हात रिकामे होते, पण ते लपवावेसे वाटले नाहीत. तो दिवस आठवला की आजही माझी मान ताठ होते, आणि ही ताठ मान देव माफ करील असा माझा भरवसा आहे.

त्याच दुपारी मी मावशीला पत्र लिहिलं. मावशी गेल्यावर ते तिच्या शुभवर्तमानात मला मिळालं. जसं आहे तसं इथं देतो.

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम. मी बरा आहे. आज आमच्याकडे हंगामाचा सण झाला. तू विचारशील मी काय नेलं, म्हणून आधीच सांगतो, काही नेलं नाही.

माझ्या हातानं तपासलेल्या लोखंडाचा पहिला तुकडा मी देवासाठी नेत होतो. मी कोणाला विचारलं नाही. फाटकावर मला धरलं. इथलं लोखंड देशाचं आहे, ते न विचारता कोणालाच नेता येत नाही, देवासाठीसुद्धा नाही. हे मला कळायला हवं होतं. चूक माझी आहे.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. नोकरी गेली नाही. पण मी कायम व्हायला सहा महिने उशीर होणार, म्हणून घर मिळायलाही उशीर. चुकून खिशात राहिला असं मी म्हणालो असतो तर तू नाताळला इथं असतीस, आणि तुझे डोळे झाले असते. हे मी त्या वेळी जाणत होतो, आणि तरी म्हणालो नाही. म्हणून हे सहा महिने मी तुझे घेतले आहेत, माझे नाहीत. तू रागावलीस तर मास्तरांकडून तसं लिहून पाठव, मला राग ऐकायचा आहे.

लोखंड चांगलं होतं, मावशी. मी दोनदा तपासलं होतं.

नाताळात मला दोन दिवस सुट्टी आहे. मी येतो. तिन्हीसांजेला खिडकीशी बसून वाचत जाऊ नकोस, वाचायचं राहिलेलं मी आल्यावर वाचून दाखवीन.

तुझा मुलगा